स्कोलिओसिस आणि व्यायाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कणा बाजूला वाकलाय असं कळलं की घरात लगेच दोन टोकाचे सल्ले सुरू होतात. एक म्हणतो, खेळणं-बागडणं सगळं बंद करा. दुसरा मोबाइलवरचा व्हिडिओ पुढे करतो, ‘रोज एवढं केलं की सरळ होईल’. दोन्ही ऐकू नका. खालची उत्तरं मुख्यतः वाढीच्या वयातल्या, कारण न सापडणाऱ्या (इडिओपॅथिक) स्कोलिओसिसबद्दल आहेत. दर दहा रुग्णांपैकी साधारण आठांना हाच प्रकार असतो. मोठ्यांसाठी वेगळे प्रश्न पुढे दिले आहेत.

व्यायामाने वाकलेला कणा सरळ होतो का?

पूर्ण सरळ होत नाही. स्कोलिओसिसमध्ये कणा नुसता डावीउजवीकडे वाकत नाही, मणके स्वतःभोवती फिरतातही. म्हणून तर बरगड्या एका बाजूला मागे उचलल्या जातात आणि पुढे वाकल्यावर तिथे उंचवटा दिसतो. हाडांचा बदललेला आकार केवळ स्नायूंच्या जोरावर परत मिळत नाही.

मग उपयोग काय? लहान बाकात, विशेषतः वाढ सुरू असताना, नेमका शिकवलेला व्यायाम बाक वाढण्याची शक्यता कमी करू शकतो, आणि काही मुलांमध्ये कोन थोडा उतरतोही. त्याशिवाय पाठीचा थकवा कमी होतो, श्वास खोल जातो, उभं राहण्याची ढब सुधारते आणि ब्रेस (धडाभोवती घालायचा कडक आधार) लागला तर तो सहन होतो. मोठा बाक मात्र व्यायामावर सोडून देऊ नये. अशा वेळी ‘आधी सहा महिने व्यायाम करून बघू’ म्हणण्यात वाढीचे सगळ्यात मोलाचे महिने निघून जातात.

सुरुवात करण्याआधी स्वतःच्या बाकाबद्दल काय काय माहीत हवं?

पहिलं म्हणजे कॉब कोन. एक्स-रेवर वरच्या आणि खालच्या सर्वांत कललेल्या मणक्यांमधून तो मोजतात. १० अंशांपासून पुढे स्कोलिओसिस म्हणतात. मोजण्यातच ३ ते ५ अंशांची चूक होऊ शकते, त्यामुळे २२ चे २४ झाले म्हणून घाबरू नये आणि २२ चे २० झाले म्हणून पेढेही वाटू नयेत.

दुसरं, बाक कुठे आणि कुठल्या बाजूला आहे. बाकाचं पोट ज्या बाजूला बाहेर येतं तिला इथे आपण फुगीर बाजू म्हणू, आणि तिच्या विरुद्ध बाजूला खोलगट. छातीच्या भागातला बाक बहुतेकांत उजवीकडे फुगीर असतो. अनेकांना छातीत एका बाजूला आणि कमरेत विरुद्ध बाजूला असे दोन बाक असतात. एकाला लागू पडणारा बाजू-विशिष्ट व्यायाम दुसऱ्याला उलटा पडतो, तो इथेच.

तिसरं, वाढ किती उरली आहे. एक्स-रेवर कमरेच्या हाडाच्या कडेवरून ‘रिसर’ हा ० ते ५ चा आकडा काढतात. ० म्हणजे बरीच वाढ बाकी, ५ म्हणजे संपली. मुलींमध्ये उंची सर्वांत झपाट्याने वाढते ती साधारणपणे पाळी सुरू होण्याआधीच्या सहा ते बारा महिन्यांत, आणि बाकही तेव्हाच पळतो. लोनस्टाइन आणि कार्लसन यांच्या १९८४ च्या अभ्यासात २० ते २९ अंशांचा बाक रिसर ० किंवा १ असताना ६८ टक्के मुलांमध्ये वाढला. तेवढाच बाक रिसर २ ते ४ असताना २३ टक्क्यांमध्ये. कोन तोच असूनही धोका तिपटीच्या आसपास बदलतो, हे पालकांनी नीट लक्षात घ्यावं.

एक्स-रे उभं राहून, संपूर्ण कण्याचा काढलेला हवा. आडवं झोपवून फक्त कमरेचा काढलेला असेल तर त्यात बाक प्रत्यक्षापेक्षा लहान दिसतो आणि पुढची तुलना निरुपयोगी ठरते. मुलींचा एक्स-रे पाठीकडून किरण सोडून काढायला सांगा, स्तनांना पोचणारा डोस त्यामुळे बराच कमी होतो.

श्रोथ पद्धत म्हणजे काय? साध्या पाठीच्या व्यायामांपेक्षा ती वेगळी कशी?

जर्मनीतल्या कॅथरीना श्रोथ यांना स्वतःला स्कोलिओसिस होता. चेंबलेल्या रबरी चेंडूत हवा भरली की खड्डा बाहेर येतो, हे बघून त्यांनी खोलगट बाजूच्या बरगड्यांत मुद्दाम श्वास भरण्याचा प्रयोग सुरू केला आणि १९२१ च्या सुमारास माइसेन गावात रुग्णांना शिकवायला सुरुवात केली.

पद्धतीचा गाभा असा: आधी कमरेची हाडं समतोल करायची, मग डोक्याकडे उंच ताणून घ्यायचं, मग फुगीर भाग आत आणि खोलगट भाग बाहेर असा आरशात बघून आकार सुधारायचा, खोलगट बाजूला मागच्या दिशेने श्वास भरायचा आणि श्वास सोडताना त्या सुधारलेल्या स्थितीत सगळे स्नायू आवळून धरायचे. साधे पाठीचे व्यायाम दोन्ही बाजूंना सारखाच जोर लावतात. इथे शरीराला नवी मध्यरेषा ओळखायला शिकवलं जातं. वर्षानुवर्षं वाकडं उभं राहिलेल्या मुलीला वाकडंच सरळ वाटत असतं. तिला खरंच सरळ केलं की ती म्हणते, ‘मी तिरकी उभी आहे’. म्हणून आरसा लागतो.

इटलीतली ‘सीज’ ही दुसरी पद्धत. तीत आधाराशिवाय स्वतःच स्वतःचा बाक सुधारायचा आणि ती स्थिती टिकवून हालचाली करायच्या असतात. लंडनमधल्या डॉ. मिन मेहता यांचा ‘साइड शिफ्ट’ सर्वांत सोपा: एकच बाक असेल तर कंबर न हलवता धड खोलगट बाजूकडे सरकवायचं, १० सेकंद धरायचं, सोडायचं.

रोजचं घरचं सत्र कसं असावं?

२० ते ३० मिनिटं, आठवड्यातून किमान पाच दिवस. रविवारी दोन तास करून आठवड्याची भरपाई होत नाही, कारण इथे ताकदीइतकीच सवय घडवायची आहे. लागतं ते थोडंच: चटई, पूर्ण उंचीचा आरसा, हलका इलॅस्टिक बँड, एक टॉवेल आणि तांदळाच्या दोन-तीन पिशव्या. जाड सुती कापडाची साधारण तळहाताएवढी पिशवी शिवून तिच्यात अर्धा किलो तांदूळ सैलसर भरा. श्रोथ पद्धतीतही अशाच पिशव्या वापरतात. घट्ट भरली तर टोचते.

आधी बैठक. टणक स्टुलावर बसा, पाय जमिनीवर सपाट. वजन दोन्ही बैठकीच्या हाडांवर सारखं आहे ना, हे हात खाली घालून तपासा. टाळूला कुणीतरी वर ओढतंय अशा बेताने उंच व्हा, पण छाती पुढे फेकू नका आणि कमरेत खळगा पाडू नका. पाच सावकाश श्वास.

मग श्वास. उताणे झोपा, गुडघे वाकवून. फिजिओथेरपिस्टने दाखवलेल्या जागी, म्हणजे बहुधा मागे उचललेल्या बरगड्यांखाली, एक पिशवी. दोन बाक असतील तर कमरेच्या उंचवट्याखाली दुसरी. आता खोलगट बाजूच्या बरगड्यांवर हात ठेवून नाकाने श्वास घ्या आणि तो भाग हाताला आणि चटईला टेकवायचा प्रयत्न करा. तोंडाने सहा सेकंदांत हळू सोडा. आठ ते दहा श्वास पुरेत; भराभर केलं तर चक्कर येते.

त्यानंतर कुशीवर ताण. हा फक्त एकच बाक असलेल्यांनी करावा. फुगीर बाजू खाली घेऊन झोपा, गुंडाळलेला टॉवेल बाकाच्या सर्वांत बाहेर आलेल्या जागी ठेवा, वरचा हात डोक्यावरून लांब ताणा. दोन मिनिटं. टॉवेल काखेत सरकला तर हाताला मुंग्या येतात, आणि कमरेपर्यंत घसरला तर तिथेच वेगळा बाक पडतो. बहुतेक चुका याच दोन.

ताकदीसाठी तीन व्यायाम पुरेसे आहेत. चार पायांवर येऊन एका बाजूचा हात आणि विरुद्ध बाजूचा पाय उचलणं: ५ सेकंद धरून, प्रत्येक बाजूला ८ वेळा. पाय खुब्याच्या उंचीपेक्षा वर जाऊ देऊ नका. पाठीवर ठेवलेली पाण्याची छोटी बाटली पडली तर तुम्ही कंबर फिरवताय. दुसरा, उताणे झोपून खुबे उचलणं: १० वेळा, वर ३ सेकंद. तिसरा, दाराला बँड बांधून कोपर मागे ओढणं: १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या. ओढताना खांदे कानाकडे चढतात आणि फुगीर बाजूची बरगडी आणखी मागे येते. तसं झालं तर बँड हलका घ्या.

शेवटची दोन मिनिटं उभं राहून, आरशाकडे पाठ फिरवून सुधारलेली स्थिती आठवणीने धरायची आणि मग वळून तपासायची.

एका बाजूचा साइड प्लँक केला की बाक कमी होतो, हे खरं आहे का?

२०१४ मध्ये डॉ. लॉरेन फिशमन यांनी फुगीर बाजू खाली ठेवून वसिष्ठासन, म्हणजेच साइड प्लँक, रोज केल्यावर कोन उतरल्याचं प्रसिद्ध केलं. गट लहान होता आणि आसन न करणारा तुलनेचा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून मोठी आशा बांधू नये. व्यायाम म्हणून तो वाईट नाही. फुगीर बाजूचे स्नायू त्यात खरोखर काम करतात. गुडघे टेकवून सुरू करा, १० सेकंदांच्या तीन-चार खेपा, खांदा कोपराच्या बरोबर वर. धड खाली लोंबलं की थांबा, कारण त्यापुढे स्नायूंऐवजी सांधे वजन घेतात. दोन बाक असतील तर बाजू स्वतः ठरवू नका.

योगासनं करावीत का?

करावीत, थोडी निवडून. या वयातल्या छातीच्या बाकात पाठ बऱ्याचदा बाजूने पाहिल्यावर नेहमीपेक्षा सपाट असते. अशा पाठीला चक्रासन, उष्ट्रासन, खोल भुजंगासन यांनी आणखी सपाट करण्यात अर्थ नाही. शिवाय जी जागा आधीच लवचिक आहे तिथूनच शरीर वाकतं, ताठ जागा तशीच राहते. पूर्ण मत्स्येंद्रासनासारखे शेवटपर्यंत नेलेले पीळही टाळा. एका बाजूचा पीळ बाक सुधारतो, दुसऱ्या बाजूचा तो वाढवतो. शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन मोठ्या बाकात नकोच, मानेवर भार असमान पडतो.

चांगली ठरतात ती उंच ताणणारी आसनं: ताडासन, भिंतीला हात टेकून केलेलं अर्धं उत्तानासन, मार्जारासन सावकाश, शवासन पिशव्यांचा आधार घेऊन. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी १९७५ मध्ये सुरू केलेल्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेतून भिंतीचे दोर, खुर्ची, लाकडी ठोकळे वापरून आसन शरीराला जुळवून घेण्याची रीत जगभर गेली. स्कोलिओसिसला ती रीत खूप मानवते, कारण आसनाच्या आकारापेक्षा कण्याची लांबी तिथे आधी बघतात.

सूर्यनमस्कार चालतात. संथ करा, भुजंगासनात नाभी जमिनीवरून उचलू नका.

पोहणं सर्वांत उत्तम म्हणतात ना?

हृदयाला, फुप्फुसांना, मनाला उत्तमच. पण पोहणं हा स्कोलिओसिसवरचा उपचार नाही. पाण्यात शरीराचा भार नसतो, आणि बाक तर उभं राहिल्यावर पडणाऱ्या भाराखाली सांभाळायचा असतो. आवडत असेल तर जरूर पोहा, पण ब्रेसचे तास त्यातून कापू नका.

मुलीने खेळ, नाच, मल्लखांब सोडावा का?

नाही. हे आम्ही ठामपणे सांगतो. धावपटू उसेन बोल्टला स्कोलिओसिस आहे आणि त्याने आपली पाठ आणि पोट मजबूत ठेवून विक्रम केले. ५ ते १७ वर्षांच्या मुलांना दिवसाला ६० मिनिटं दमवणारी हालचाल हवी, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप स्कोलिओसिस असलेल्यांनाही लागू आहे. क्रिकेट, बॅडमिंटन, कबड्डी, खोखो, भरतनाट्यम सगळं चालतं. रॅकेट एकाच हातात धरल्याने बाक होत नाही.

सावधगिरी हवी ती रोज अनेक तास पाठ मागे टोकापर्यंत वाकवण्याच्या सरावात. बल्गेरियातल्या रिदमिक जिम्नॅस्ट मुलींमध्ये स्कोलिओसिस इतर मुलींपेक्षा सुमारे दहापट आढळला होता. त्यात सैल सांधे, उशिरा येणारी पाळी आणि कमी वजन यांचाही वाटा असावा. मल्लखांब किंवा जिम्नॅस्टिक्स गंभीरपणे करणाऱ्या मुलीचा बाक दर चार ते सहा महिन्यांनी तपासा, आणि प्रशिक्षकांना त्याबद्दल आधीच सांगा.

दप्तराने बाक येतो का?

नाही. जड दप्तराने पाठ दुखते, ते कमी करायलाच हवं. पण आईवडिलांनी स्वतःला दोष देण्याचं कारण नाही.

जिममध्ये वजन उचलता येईल का?

येईल. सुरुवात तंत्राने करा, वजनाने नाही. ८ ते १२ वेळा उचलता येईल आणि शेवटी आणखी दोन वेळा जमलं असतं असं वाटेल, एवढंच वजन घ्या. दोन-तीन फेऱ्या, आठवड्यातून दोन दिवस. बारपेक्षा डंबेल बरे, कारण बारमध्ये बळकट बाजू दुबळीचं काम चोरते. दुबळ्या बाजूने आधी करा आणि बळकट बाजूनेही तेवढंच.

खांद्यावर बार ठेवून केलेल्या बैठकांऐवजी छातीजवळ डंबेल धरून बैठका काढा. डोक्यावर जड वजन ढकलण्याऐवजी बसून तिरप्या बेंचवर ढकला. जमिनीवरून वजन उचलताना पाठ गोल झाली आणि धड वळलेलं असलं, तर इजेचा धोका वाढतो. आधी रिकाम्या काठीने खुब्यातून वाकायला शिका, काठी डोकं, पाठ आणि माकडहाड अशी तिन्ही ठिकाणी टेकलेली राहायला हवी. फिरवत केलेल्या क्रंचेसमधून स्कोलिओसिसला काही मिळत नाही.

ब्रेस आहे, मग व्यायाम कशाला?

दोन्ही एकत्रच हवेत. वाढ सुरू असताना २५ ते ४० अंशांच्या बाकाला सहसा ब्रेस देतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्क्यांचा बाक वाढ संपेपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला, न घालणाऱ्यांपैकी ४८ टक्क्यांचा. दिवसाला सरासरी १३ तासांहून जास्त घालणाऱ्यांमध्ये यश ९० टक्क्यांच्या वर गेलं. एवढा परिणाम व्यायामाचा अजून कुणी सिद्ध केलेला नाही, हे सांगितलंच पाहिजे.

व्यायाम ब्रेस काढलेल्या वेळात करा. ब्रेसमुळे धडाचे स्नायू आळसावतात आणि पाठ सपाट होते, ते व्यायामाने आटोक्यात राहतं. ब्रेसच्या आतही खोलगट बाजूला ठेवलेल्या मोकळ्या जागेत श्वास भरण्याचा सराव करता येतो. आपल्या उन्हाळ्यात आत सुती, शिवण नसलेला बनियन घाला आणि घामाने भिजला की बदला. ब्रेस काढल्यावर अर्ध्या तासातही न जाणारी लाली दिसली तर ब्रेस दुरुस्त करून घ्यायला हवा.

ऑपरेशननंतर?

वाढत्या वयात ४५ ते ५० अंशांपुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो. त्यात मणके सळ्या-स्क्रूंनी जोडले जातात, तेवढा भाग कायमचा हलत नाही. चालणं पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. पहिल्या सहा आठवड्यांत जड काही उचलायचं नाही, वाकणं-पिळणं नाही. पोहणं साधारण तीन महिन्यांनी, धक्काबुक्कीचे खेळ सहा महिने ते वर्षाने. नेमकी तारीख तुमच्या सर्जननेच ठरवायची. जोडलेला भाग वाकवायचा प्रयत्न केला की ताण त्याच्या खालच्या मोकळ्या मणक्यावर जातो. म्हणून खुब्यातून वाकायला शिकणं हा यानंतरचा सर्वांत महत्त्वाचा व्यायाम.

पन्नाशीनंतर बाक आढळला तर?

तेव्हा प्रश्न बहुधा दुखण्याचा आणि नसांवरच्या दाबाचा असतो. चालताना पाय भरून येत असतील आणि बसल्यावर बरं वाटत असेल, तर चालण्याऐवजी स्थिर सायकल किंचित पुढे झुकून १० मिनिटांपासून सुरू करा. हाडांची घनता तपासून घ्या. हाडं ठिसूळ असतील तर पुढे वाकून करायचे पोटाचे व्यायाम, पादहस्तासन आणि पीळ बंद. मणका त्याने दबू शकतो. त्याऐवजी भिंतीला पाठ लावून उंच होणं, खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं, एका पायावर ओट्याला धरून तोल सांभाळणं.

तरुणपणी ३० अंशांच्या आत राहिलेला बाक पुढे सहसा वाढत नाही. ५० च्या वरचा वर्षाला साधारण एका अंशाने वाढू शकतो. आयोवा विद्यापीठाने उपचार न घेतलेल्या रुग्णांचा ५० वर्षं पाठपुरावा करून २००३ मध्ये मांडलं, की त्यांना पाठदुखी जास्त असली तरी बहुतेकांनी कामाचं, संसाराचं आयुष्य नीट काढलं.

व्यायामाने दुखतं. थांबावं का?

दुसऱ्या दिवशी स्नायू ठणकणं, दोन दिवसांत ओसरणं, हे ठीक. व्यायाम करतानाच टोचणारी, पायात किंवा बरगडीभोवती जाणारी कळ ठीक नाही. तो व्यायाम सोडा, बाकीचे चालू ठेवा. पुढच्या गोष्टी दिसल्या तर मात्र व्यायाम थांबवून थेट अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पावलाचा आकार बदलणं, अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे बरेच डाग, किंवा छातीचा बाक डावीकडे फुगीर असणं. यात कारण मज्जारज्जूत असू शकतं आणि एमआरआय लागतो.

फिजिओथेरपिस्ट कसा निवडावा?

पहिल्या भेटीत त्यांनी उभ्याचा एक्स-रे मागितला का, पुढे वाकवून पाठीचा उंचवटा मोजला का, रिसर किंवा पाळीबद्दल विचारलं का, हे बघा. स्कोलिओसिससाठीच्या पद्धतीचं प्रशिक्षण कुठे घेतलं, हे निःसंकोच विचारा. दोन वेगवेगळ्या बाकांच्या मुलींना एकच छापील कागद देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. मणके ‘कट्ट’ करून बसवतो म्हणणाऱ्यांकडे तर जाऊच नका.

फरक पडतोय की नाही, घरी कसं कळेल?

महिन्यातून एकदा, सकाळीच, कारण संध्याकाळी कणा दमून बाक काही अंशांनी जास्त दिसतो. पाठीचा फोटो तेवढ्याच अंतरावरून, त्याच भिंतीसमोर. मग पाय जोडून, हात लोंबते सोडून पुढे वाकायला सांगा आणि उंचवटा स्कोलिओमीटरने (पाठीचा तिरकेपणा अंशांत मोजणारं साधन) किंवा मोबाइलवरच्या तशा ॲपने मोजा. ॲप वापरताना फोन दोन्ही अंगठ्यांवर धरा म्हणजे मणक्यांच्या टोकावर दाब पडत नाही. पाच ते सात अंश किंवा त्याहून जास्त आले, किंवा आधीपेक्षा दोन-तीन अंशांनी वाढले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा. उंचीही लिहून ठेवा. सहा महिन्यांत तीन-चार सेंटिमीटर वाढलेल्या मुलीची पुढची तपासणी चार महिन्यांच्या आत व्हायला हवी, व्यायाम कितीही नेमाने चालू असला तरी.